बेंजो ऐकू आला पाहिजे : घरच्या मिक्समध्ये मिड्स बसवताना

गेल्या मार्चमध्ये डोंबिवलीजवळच्या एका हळदीला माझा ट्रॅक लागला. मिनिटाला १२४ ठोक्यांचा (१२४ बीपीएम) हाउस, हा नाचासाठीच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा प्रकार; सूर ए मायनर, म्हणजे पेटीवरची पांढरी सहा. माझा मावसभाऊ बेंजो पार्टीत वाजवतो, त्याच्याकडून मी बेंजोची सुरावट वाजवून घेतली होती आणि सगळा ट्रॅक त्या सुरावटीभोवती बांधला होता. मंडपात दोन टॉप, दोन बेस. किक (बेस ड्रमचा ठोका) दणदणीत आली, लोक नाचले. बेंजो मात्र कुठेच नव्हता. त्याच्या जागी मधोमध एक जाडसर घूं घूं होतं. भाऊ माझ्या शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, "ताई, मी यात वाजवलंय ना?"

त्या रात्री घरी येऊन प्रोजेक्ट उघडला. त्यात वेगवेगळ्या आवाजांचे अकरा ट्रॅक होते. किक, सब (सगळ्यात खालचा बेस), हाय-हॅट आणि शेकर सोडले तर उरलेले सातही एकाच पट्ट्यात येऊन बसले होते: बेंजो, पॅड (मागे लांब पसरलेला सिंथचा आवाज), कॉर्डचा स्टॅब (एकत्र सुरांचा छोटा ठोसा), सॉ-वेव्हची लीड (सिंथची पुढची सुरावट), हलगीचा लूप (पुन्हा पुन्हा येणारा तुकडा), गायलेल्या शब्दांचे तुकडे आणि बेसचा वरचा भाग. सगळे साधारण २५० हर्ट्झ ते ४ किलोहर्ट्झ यांच्या मध्ये, म्हणजे मिड्समध्ये, आवाजाच्या मधल्या पट्ट्यात. मी आधी जे करत आले होते तेच केलेलं दिसत होतं. बेंजो ऐकू येईना म्हणून त्याचा फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, ३ डीबी (डेसिबल) वर. मग लीड दबली, ती २ वर. मग शब्द दबले. शेवटी मास्टर, म्हणजे एकत्र आवाजाचा मीटर, लाल, आणि सगळं पुन्हा होतं तिथेच.

तो ट्रॅक मी पुढचे पाच आठवडे रोज रात्री थोडा थोडा उलगडला. त्यात जे हाताला लागलं ते इथे लिहिते आहे, कारण घरच्या खोलीत काम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाचा मिक्स इथेच अडतो. बेसची चर्चा सगळे करतात. गाणं ओळखू येतं ते मिड्समध्ये.

हा पट्टा नेमका कुठला

पेटी डोळ्यांसमोर आणा. पांढरी एकचा मध्य षड्ज २६२ हर्ट्झच्या आसपास असतो आणि तार षड्ज त्याच्या दुप्पट, ५२३ला. म्हणजे अख्खं मध्य सप्तक एवढ्याशा जागेत. पण तिथे फक्त मूळ सूर राहतो. त्याच सुराची दुप्पट, तिप्पट, चौपट अशी वरची स्वरांशं त्याच्यासोबत वाजत असतात आणि वाद्याची ओळख त्यांच्यातच असते. बेंजो हा बेंजो आहे, पेटी नाही, हे कानाला १ ते ४ किलोहर्ट्झमध्ये कळतं. जुन्या टेलिफोनवरून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जायचा, तरी पलीकडे आई आहे की मावशी हे "हॅलो" म्हणताच समजायचं.

कानही याच भागात जास्त तीक्ष्ण असतो. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर, एका टोकाला पडद्याने बंद. अशी नळी ३ किलोहर्ट्झच्या आसपास आपोआप घुमते. म्हणून तिथे १ डीबी वाढवला तरी लगेच टोचतं. ६० हर्ट्झला १ डीबी वाढवा, शेजारच्या खोलीतल्या माणसाला पत्ताही लागणार नाही.

माझ्या वहीत मी या पट्ट्याचे भाग त्यांच्या दुखण्याच्या नावाने लिहिले आहेत. २०० ते ४५० गढूळपणा. ५०० ते ९०० डबा, म्हणजे पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं. १ ते २ किलोहर्ट्झ नाकातला आवाज. २ ते ५ टोचणारा. पण प्रत्येक भागाची चांगली बाजूही आहे, तीही शेजारी लिहून ठेवावी. गढूळपणा काढता काढता ऊब निघून जाते, टोचणं काढता काढता शब्द कळेनासे होतात.

ईक्यूला (पट्टे कमी-जास्त करणाऱ्या साधनाला) हात लावण्याआधी खोली

माझी खोली १० बाय ११ फूट. एका बाजूला लोखंडी कपाट, एका बाजूला खिडकी, मधे टेबल. मॉनिटर, म्हणजे मिक्स ऐकायचे स्पीकर, आधी थेट टेबलावर ठेवलेले होते. तिथेच पहिली गडबड. आवाज थेट कानाशी येतो आणि टेबलावर आपटूनही येतो. दुसरा रस्ता ३० सेंटिमीटरने लांब असेल तर ५७० हर्ट्झच्या आसपास दोन्ही एकमेकांना मारतात आणि तिथे खड्डा पडतो. १७०० जवळ दुसरा खड्डा. मला त्या जागी आवाज कमी ऐकू यायचा म्हणून मी तिथे वाढवत बसायचे आणि मंडपात तो वाढवलेला भाग डब्यासारखा वाजायचा.

उपाय स्वस्त आहे. मॉनिटर दोन-दोन विटांवर चढवले, मधे जुन्या योगा मॅटचा तुकडा. ट्विटर (वरचा आवाज काढणारा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला आला. टेबल थोडं मागे ओढलं, म्हणजे मॉनिटरपुढे टेबलाचा पृष्ठभाग कमी राहिला. दोन मॉनिटर आणि माझं डोकं असा समभुज त्रिकोण, बाजू साडेतीन फुटांची. मग घरच्या कुणाला तरी आरसा घेऊन बाजूच्या भिंतीवरून सरकवायला सांगा. खुर्चीत बसून आरशात जिथे मॉनिटर दिसेल तिथून आवाज उसळतो. त्या जागी काहीतरी जाड लावा.

जाड म्हणजे जाडच. पातळ पडदा किंवा अर्ध्या इंचाचा फोम फक्त वरची तिखट टोकं खातो आणि गढूळ भाग तसाच घुमत ठेवतो, त्याने खोली आधीपेक्षा वाईट होते. मी आजीची कापसाची गादी उभी करून दोरीने कपाटाला बांधली. चार-पाच इंच जाड. पहिल्यांदा टाळी वाजवली तेव्हा खोलीतला टणटणाट गेला होता, आणि पॅडमधला जो गढूळपणा मी महिनाभर ईक्यूने काढत होते त्यातला बराचसा खोलीचाच निघाला.

आता आवाजाची पातळी. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी दाखवून दिलं की आवाज मोठा असेल तेव्हा कानाला खालचा आणि वरचा भाग भरपूर वाटतो, आवाज कमी केला की तेच भाग आधी गळतात आणि मिड्स पुढे येतात. मोठ्याने मिक्स केलं की सगळंच छान वाटतं, त्यामुळे मधली मारामारी दिसत नाही. मी मिड्सचं काम एवढ्या हळू आवाजात करते की समोर बसलेल्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलता यावं. रात्री दहानंतर, पंखा बंद करून. पंख्याची घरघर नेमकी खालच्या मिड्सना झाकते. उकाड्यात दहा-पंधरा मिनिटांच्या वर बसवत नाही, पण तेवढी पुरतात. बेस आणि किक बघायला मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आवाज वाढवून बसते. फार हळू आवाजात बेस ठरवला तर तो नेहमी जास्तच पडतो.

आणि मोनो. डावा-उजवा एकत्र करून, जमल्यास एकाच मॉनिटरवर. यामाहाचे एनएस-१० हे पांढऱ्या कोनचे स्पीकर १९७८ मध्ये घरगुती स्पीकर म्हणून आले आणि पुढे स्टुडिओंमध्ये याच कामाला वापरले गेले. बेस फारसा नाही, मिड्स उघडेवाघडे, त्यामुळे तिथली चूक लपत नाही. ते घेण्याची गरज नाही. कुठलाही एक छोटा, चांगला स्पीकर मधोमध ठेवलात तरी चालेल.

मामाची पेटी

माझा मामा भजनी मंडळात पेटी वाजवतो. लहानपणी मी त्याच्या शेजारी बसायचे. बुवा गायला लागले की त्याचा भात्यावरचा हात हलका व्हायचा, बोटं एक-दोन सुरांवर यायची. बुवांनी ओळ सोडली की त्या श्वासापुरता मामा पूर्ण भात्याने भरून काढायचा. मग पखवाजाची उठान आली की पुन्हा मागे. पेटी आणि गळा दोन्ही एकाच सप्तकात, तरी कधी कालवाकालव नाही. तिथे ईक्यू नव्हता. कोण कधी बोलणार हे ठरलेलं होतं.

माझ्या ट्रॅकमध्ये सात जण एकाच वेळी बोलत होते.

म्हणून पहिली पायरी कागदावर. ट्रॅकचे आठ-आठ बारचे (एक बार चार ठोक्यांचा) तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यासमोर एकच नाव लिहा: या वेळी पुढे कोण? माझ्या कागदावर असं आलं: सुरुवातीला हलगी, मग स्टॅब, मग १६ बार बेंजो, मग शब्द आणि शब्दांच्या फटीत बेंजो, मग लीड. ज्या तुकड्यात बेंजो पुढे, तिथे लीड चक्क म्यूट केली. पॅड फक्त शेवटच्या चार बारमध्ये ठेवलं. म्यूट करताना जीव खालीवर होतो, कारण तो आवाज बनवायला आपण दोन तास घातलेले असतात. पण एखादा ट्रॅक बंद करून तुम्हाला त्याची आठवण आली नाही, तर ऐकणाऱ्याला तर नाहीच येणार.

दुसरी पायरी कॉर्डची. माझा स्टॅब ए, सी, ई, जी असा चार सुरांचा होता. यातला ए बेस वाजवतोच आहे, मग स्टॅबला तो कशाला? काढला. उरलेले तीन खाली घेतले: १९६चा जी, २६२चा सी, ३३०चा ई. पॅडमध्ये सगळ्यात वर ४४०चा ए होता आणि बेंजोची सुरावट नेमकी ४४० ते ६६०मध्ये फिरत होती. पॅडचा तो वरचा ए काढल्या क्षणी बेंजो अर्धा वर आला. एकही प्लगिन (आवाज बदलणारं जोड-सॉफ्टवेअर) न लावता.

रागसंगीतात कॉर्ड नसतात, एक सुरावट आणि तिच्यामागे स्थिर षड्ज, त्यामुळे मधला पट्टा मूळचाच मोकळा असतो. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलंडची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रं घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवले. ते ऐकताना खाली ताल, त्यावर फिरती बेसची ओळ आणि वर सूर, एवढंच कानावर येतं, आणि प्रत्येक हरकत स्वच्छ कळते. आपण हाउसच्या कॉर्ड आणि आपल्याकडची सुरावट एकत्र आणतो तेव्हा ही मोकळी जागा आपल्यालाच करून द्यावी लागते.

सिंथमध्येच छाटा

सॉ-वेव्हमध्ये सगळी स्वरांशं असतात, मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, अशी उतरत्या जोराने. माझी लीड ४४० वर होती, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या आत तिची नऊ स्वरांशं. त्यावर मी सात व्हॉइसचा युनिसन (एकाच सुराच्या सात प्रती) लावला होता, १९९६च्या रोलंड जेपी-८०००पासून सुपरसॉ म्हणून जो प्रसिद्ध आहे तसा. सात नवे त्रेसष्ट. एका सुरासाठी त्रेसष्ट बारीक आवाज, एकमेकांपासून जरा जरा हललेले. एवढ्या गर्दीत ईक्यू लावून काय होणार?

युनिसन सातवरून तीनवर आणला. सिंथचा लो-पास फिल्टर (ठरलेल्या जागेच्या वरचं कापणारा) ६ किलोहर्ट्झवरून २२०० वर. लीड पुढे असते त्या शेवटच्या तुकड्यात तोच फिल्टर ऑटोमेशनने (आधी आखलेल्या आपोआप बदलाने) हळूहळू उघडला. लीड मिक्समध्ये छोटी झाली आणि तिच्या वेळेला मोठी वाटायला लागली. ईक्यूने हे करता आलं असतं, पण सिंथचा फिल्टर सुरांबरोबर, एन्व्हलपबरोबर (आवाज चढण्या-उतरण्याच्या आकाराबरोबर) हलतो, त्यामुळे आवाज कापल्यासारखा वाटत नाही. हातात मूळ सिंथ असेल तर नेहमी तिथेच छाटा.

फेडर

सगळे फेडर खाली. किक आधी, तिची शिखरं साधारण उणे १० डीबीवर ठेवून. तिच्यानंतर बरेच जण बेस घेतात. मी बेंजो घेते. ज्याच्यासाठी ट्रॅक आहे तो दुसरा. मग बेस, मग शब्द, मग हलगी, आणि स्टॅब-पॅड अगदी शेवटी. पॅडचा फेडर अगदी तळापासून वर नेत जा, ऐकू यायला लागला की थांबा, आणि तिथून २ डीबी खाली घ्या. मोनोमध्ये, हळू आवाजात. हे अर्ध्या तासात होतं आणि एवढ्यावरही मिक्स ऐकण्याजोगा असायला हवा. नसेल तर मामाच्या पेटीकडे परत जा, पुढे जाऊ नका.

आता ईक्यू

भावाचा बेंजो पिकअपचा होता. केबल थेट ऑडिओ इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटमध्ये लावून घेतला. खोलीचा आवाज नाही, पण पिकअपमुळे ८५० हर्ट्झच्या आसपास डबा वाजत होता, आणि बटणांची खटखटही आत आली होती. खटखट मी ठेवली. तिच्याशिवाय तो बेंजो वाटत नाही.

बेंजो एकटा सोलो करून मी आधी त्याला सुंदर बनवलं होतं: खाली भरदार, वर चमचम. मिक्समध्ये तो पुन्हा बुडाला. सोलोत सुंदर असणं आणि गर्दीत ऐकू येणं ही वेगळी कामं आहेत. आता मी सगळं चालू ठेवूनच बँड हलवते. ८५० ला रुंद बँड, क्यू (आकडा जितका लहान तितका बँड रुंद) १.२, उणे ३ डीबी. १६० हर्ट्झला हाय-पास, म्हणजे त्याखालचं कापलं. एवढंच. नखीचा टणका २.४ किलोहर्ट्झच्या आसपास होता. तो मी बेंजोवर वाढवला नाही, बाकीच्यांवर कमी केला. पॅडवर २.४ ला क्यू ०.८ ने उणे ३. स्टॅबवर तिथेच उणे २. शब्दांच्या तुकड्यांना हात लावला नाही, कारण व्यंजनं तिथेच असतात.

हलगीच्या लूपचा भरणा २२० जवळ होता आणि बेसची वरची स्वरांशंही तिथेच. हलगीला २२० ठेवलं, बेसचं तिथलं २ डीबी काढलं. प्रत्येक टकरीत एकालाच जागा द्या. दोघांचं अर्धं-अर्धं कापलं तर दोघेही पातळ होतात आणि मधे भोक पडतं.

तीन सवयींनी माझे बरेच मिक्स बिघडले, त्या सांगते. एक, अरुंद बँड १० डीबी वर करून तो पट्ट्यावरून फिरवत "खराब जागा" शोधणं. एवढं वाढवल्यावर कुठलीही जागा खराबच वाजते. पाच-सहा जागा सापडतात, सगळ्या कापल्या जातात, आवाज चाळणीसारखा होतो. त्याऐवजी रुंद बँड ४ डीबी खाली करून फिरवा आणि जिथे मिक्स मोकळा होतो तिथे थांबा. दोन, प्रत्येक ट्रॅकवर डोळे झाकून ३०० हर्ट्झचा हाय-पास. एका वर्षात मी असे सहा ट्रॅक केले. सगळे स्वच्छ, सगळे काटकुळे. त्या २०० ते ४५०मधलं थोडं मांस कुणाकडे तरी राहिलंच पाहिजे, माझ्या ट्रॅकमध्ये ते स्टॅबकडे राहिलं. तीन, ईक्यू लावल्यावर आवाज किंचित मोठा झाला की आपल्याला वाटतं सुधारला. १ डीबीनेही कान फसतो. प्लगिनचं आउटपुट जुळवून घ्या आणि बायपास करून (ईक्यू बंद-चालू करत) डोळे मिटून ऐका.

भात्यावरचा हात

मामा जे हाताने करायचा ते इथे साइडचेनने होतं, म्हणजे एका आवाजाने दुसऱ्याला आपोआप दाबून. कायमचं कापण्यापेक्षा ज्या क्षणी बेंजो वाजतो त्या क्षणापुरतं पॅडने मागे व्हावं. पॅडवर डायनॅमिक ईक्यू (गरजेपुरताच कापणारा), बँड २ किलोहर्ट्झला, रुंद, साइडचेनला बेंजो. जास्तीत जास्त उणे ४ डीबी, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १५ मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा) १५०. बेंजो थांबला की पॅड आपोआप भरून येतं. डायनॅमिक ईक्यू नसेल तर साधा कॉम्प्रेसर (आवाज दाबणारं साधन) साइडचेनवर लावा आणि २ डीबीच्या वर दबू देऊ नका. त्याहून जास्त दाबलं तर पॅड श्वास घेतल्यासारखं हलतं. किकसाठी ते हलणं छान वाटतं, सुरावटीसाठी नाही.

किकसाठी स्टॅबवर वेगळा कॉम्प्रेसर आहे. १२४ बीपीएमला एक ठोका ४८४ मिलिसेकंदांचा. रिलीज मी २०० च्या आसपास ठेवते, म्हणजे ठोक्याच्या अर्ध्यापर्यंत स्टॅब परत उभा राहतो.

फोनच्या स्पीकरवर बेस येत नाही ही तक्रारही मिड्समध्येच सुटते. माझा बेस ५५ हर्ट्झवर आहे, तो फोनमधून निघणं शक्य नाही. पण बेसवर थोडं सॅच्युरेशन (आवाज हलका फाटू देणं) दिलं की १६५, २२०, २७५, ३३० अशी स्वरांशं वाढतात, आणि ती ऐकून कान खालचा सूर स्वतःच भरून घेतो. बेसची एक प्रत करा, तिच्यावर सॅच्युरेशन, १५०ला हाय-पास, ७००ला लो-पास, आणि मूळ बेसखाली जेमतेम मिसळा. जेमतेमच, नाहीतर हलगीची जागा परत जाते.

रुंदी आणि खोलपणा

पॅड रुंद व्हावं म्हणून मी डावी बाजू जशीच्या तशी आणि उजवी १५ मिलिसेकंद उशिरा अशी ठेवली होती. हेडफोनवर स्वर्ग. मोनो केलं की ३३, १००, १६७ अशा दर ६७ हर्ट्झला एक खड्डा पडतो, थेट वरपर्यंत. हळदीच्या मंडपातली यंत्रणा मोनोच होती, हे मला नंतर कळलं. आता रुंदी हवी असेल तर दोन बाजूंना सिंथच्या दोन वेगळ्या आवाजांचे, वेगळ्या सुरांचे भाग ठेवते, किंवा सरळ पॅन करते, म्हणजे आवाज एका बाजूला सरकवते. स्टॅब ३० टक्के डावीकडे, हलगी तेवढीच उजवीकडे, बेंजो आणि शब्द मधोमध. आधी मोनोत बसलेला मिक्स स्टीरिओत आणखी उघडतो. उलटं क्वचित होतं.

रिव्हर्बचं, म्हणजे घुमाऱ्याचं, थोडक्यात: सेंडवर (त्याच्याकडे जाणाऱ्या वेगळ्या वाटेवर) रिव्हर्बच्या आधी ईक्यू, ५०० ला हाय-पास, ६ किलोहर्ट्झला लो-पास. प्री-डिले ३० मिलिसेकंद, म्हणजे नखीचा टणका आधी येतो आणि शेपूट नंतर. बेंजोवर मी रिव्हर्बपेक्षा ३६३ मिलिसेकंदांचा डिले (प्रतिध्वनी) देते, १२४ला तो पाऊण ठोक्याचा (डॉटेड आठवा) येतो, आणि त्या डिलेलाही बेंजोचंच साइडचेन, म्हणजे सुरावट संपल्यावरच तो कानावर येतो.

तपासणी

पंचेचाळीस मिनिटांनी उठा. २ ते ५ किलोहर्ट्झ ऐकून ऐकून कान बोथट होतो आणि आपण तिथे वाढवत जातो. मी स्वयंपाकघरात जाते, दार अर्धं लोटून तिथूनच ट्रॅक ऐकते. भिंतीपलीकडून सुरावट गुणगुणता आली पाहिजे. मग फोन, त्याच्याच स्पीकरवर. मग आवाज जवळजवळ शून्यावर आणते. सगळ्यात शेवटी जे ऐकू येत राहतं ते कागदावर त्या तुकड्यासमोर लिहिलेलंच नाव आहे का, ते बघते. पहिल्या दिवशी माझ्या यादीत बेंजो असलेल्या जागी स्टॅब ऐकू येत होता. चौथ्या दिवशी जुळलं.

तुलनेला तुमच्याच शैलीतला, तुम्हाला पाठ असलेला एक तयार ट्रॅक प्रोजेक्टमध्ये ठेवा. तो मास्टर झालेला (शेवटचा हात फिरवून मोठा केलेला) असतो, म्हणून तुमच्यापेक्षा मोठा. एलयूएफएस मीटरवर (कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजणाऱ्या) दोन्ही सारखे करा, माझ्या प्रोजेक्टमध्ये त्याला ७ डीबी खाली आणावं लागलं. मग दोन्हीवर ३०० ते ३०००चा बँड-पास लावून फक्त मिड्स ऐका. तिथे त्यांच्याकडे एका वेळी किती आवाज आहेत ते मोजा. मी मोजले तेव्हा तीन होते. माझ्याकडे सहा.

मे महिन्याच्या शेवटी नवा मिक्स भावाला पाठवला. तो कामावरून सुटून परळला प्लॅटफॉर्मवर उभा होता, फोनच्या स्पीकरवर कानाला लावून ऐकला. त्याचा लगेच फोन आला. "ताई, दुसऱ्या फेरीत गंधारावर माझं बोट घसरलंय. आधी कधी ऐकू नव्हतं आलं. रविवारी येतो, तेवढं परत वाजवून देतो."

रविवारी आला, बेंजो गादीवर ठेवून तार जुळवली, आणि तेवढे चार बार परत घेतले.